वनस्पती उद्यानातल्या वर्गांत आम्ही तिघी

आमच्या वनस्पती उद्यानात कुटुंबांसाठी आणि मोठ्यांसाठी निसर्गशिक्षणाचे वर्ग चालतात, हे मला फाटकाजवळच्या फलकामुळे कळलं. सात ते बारा वर्षांच्या मुलांनी घरच्या मोठ्यांबरोबर करायचे वर्ग वेगळे, आणि फक्त मोठ्यांचे वेगळे. पहिल्यासाठी मी, माझी आठ वर्षांची लेक आणि सासूबाई अशी तिघींची नावं घातली. मोठ्यांच्या वर्गाला नंतर मी एकटी गेले. दोन्ही पुरे झाल्यापासून ओळखीचे आईवडील चौकशी करतात, आणि पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: मुलांना तिथे सोडून आपल्याला जाता येतं का? नाही येत. आणि मला तर तीच या वर्गांची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोंदणीच्या फॉर्मवरूनच थोडा अंदाज आला होता. कोणाला दमा आहे का, मधमाशी चावल्यावर त्रास होतो का, कोणाला फार चालवत नाही का, हे विचारलं होतंच. त्याखाली प्रत्येकाच्या नावापुढे एक रिकामी ओळ होती: 'तुम्हाला झाडांबद्दल काय जाणून घ्यायचं आहे?' मुलांपुढे होती तशी मोठ्यांपुढेही. सासूबाईंनी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, "उंबराला फूल का येत नाही?" लेकीनं लिहिलं, "झाड झोपतं का?" मी बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी 'पानांवरून झाड कसं ओळखायचं' असं लिहिलं.

पहिल्या सकाळी मार्गदर्शक ताईंनी आम्हाला कडुलिंबाखाली उभं केलं. झाडाची पाटी त्यांनी आधीच कागदी पिशवी घालून झाकून ठेवली होती. नियम दोनच सांगितले. एक, काही तोडायचं नाही. खाली पडलेलं उचलायला हरकत नाही. दुसरा नियम मोठ्यांसाठी: मुलानं काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायचं नाही. "तुला काय दिसतंय?" असं विचारायचं आणि थांबायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत चार-पाच बाबांनी आणि एका आजोबांनी झाडाचं नाव, औषधी उपयोग, सगळं सांगून टाकलं होतं. ताई कोणालाही टोकत नव्हत्या. त्या फक्त मुलांकडे वळून विचारायच्या, "बरं, हे त्यांना माहीत आहे. आता तुम्हाला काय दिसतंय ते सांगा."

मग त्यांनी विचारलं, "या झाडाचं एक पान मला दाखवा." मुलांनी हिरवे, दातेरी कडांचे छोटे तुकडे दाखवले. बहुतेक मोठ्यांनीही तेच दाखवलं. ताईंनी फांदी खाली ओढून धरली आणि देठाच्या बेचक्यात बोट ठेवलं. तिथे मोहरीपेक्षा लहान एक उंचवटा होता. माळी त्याला डोळा म्हणतात. पुढची फांदी किंवा फुलोरा तिथूनच फुटायचा. डोळा पानाच्या देठाशी असतो, पानाच्या तुकड्याशी कधीच नसतो. म्हणून डोळा शोधायचा, आणि त्याच्यापासून पुढे जेवढं काही एका देठावर आहे तेवढं सगळं मिळून एक पान. आम्ही ज्यांना पानं समजत होतो त्या पर्णिका होत्या, आणि कडुलिंबाचं एक पान चांगलं हातभर लांब निघालं. मुलं लगेच शेजारच्या झाडांकडे पळाली आणि प्रत्येक बेचक्यात डोळा शोधू लागली. पाठोपाठ मोठेही वाकले. त्या सकाळी मुलं आणि मोठे पहिल्यांदा बरोबरीनं कामाला लागले ते तिथे, कारण कोणाकडेच तयार उत्तर नव्हतं.

भिंग कसं धरायचं हे त्याच दिवशी शिकवलं. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग प्रत्येकाच्या गळ्यात दोरीनं अडकवलेलं होतं. आपण सगळे भिंग वस्तूजवळ नेतो आणि दुरून बघतो. त्यात काही धड दिसत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, भिंगाचा हात गालावर टेकवून स्थिर करायचा आणि मग दुसऱ्या हातातली वस्तू हळूहळू जवळ आणायची, ती स्पष्ट होईपर्यंत. सासूबाईंना चष्म्यामुळे हे जमेल का अशी शंका होती. जमलं. त्यांनी झेंडूचं एक फूल घेतलं आणि ते एक फूल नसून शेकडो बारीक फुलांचा गुच्छ आहे, हे त्यांनी स्वतःच शोधलं. प्रत्येक 'पाकळी'च्या तळाशी त्यांना दोन टोकांची चिमुकली कुक्षी, म्हणजे फुलाचा पराग झेलणारा भाग, दिसली. ताईंनी फक्त एवढंच सांगितलं, की सूर्यफूल, शेवंती, डेलिया या सगळ्यांची बांधणी अशीच असते.

पुढच्या एका रविवारी उंबराची पाळी आली. फॉर्ममधले प्रश्न ताईंनी खरंच वाचले होते. माळीदादांनी झाडावरून एक फळ काढून दिलं, अजून हिरवट, खोडाला लगडलेल्या घोसातलं. ताईंनी ते ब्लेडनं उभं कापलं आणि अर्धा भाग सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. आतली पोकळी दाटीवाटीनं अस्तर लावल्यासारखी भरलेली होती, आणि त्या अस्तराचा प्रत्येक कण म्हणजे एक फूल. उंबराला फुलं येतात, शेकड्यांनी येतात. ती फळाच्या आत तोंड करून असतात एवढंच. आपण ज्याला फळ म्हणतो तो मुळात आत वळलेला फुलोरा असतो. फळाच्या टोकाला खवल्यांनी झाकलेलं एक बारीक तोंड होतं. गांधीलमाशीच्या नात्यातला, चिलटाहूनही लहान कीटक तिथून आत शिरतो. ही मादी असते. वाट इतकी अरुंद असते की आत जाताना तिचे पंख तुटतात. दुसऱ्या फळातून आणलेले परागकण ती काही फुलांना देते, काहींमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे आधी नर जन्मतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाच्या सालीला बोगदा पाडतात आणि त्यांचं आयुष्य तिथेच संपतं. नव्या माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून बाहेर पडतात. त्यांच्याकडे वेळ जेमतेम एक-दोन दिवसांचा असतो, आणि तेवढ्यात त्यांना योग्य अवस्थेतलं दुसरं फळ गाठायचं असतं.

आमच्या फळात फिकट रंगाचे, बिनपंखी नर भिंगातून हलताना दिसले. लेकीनं विचारलं, "मग सगळ्या झाडांना एकदम फळं आली तर?" ताई हसल्या आणि प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. एका मुलानं उत्तर काढलं: मग बाकीच्या वेळी किड्यांना जायला जागाच उरणार नाही. म्हणूनच वड-पिंपळ-उंबराच्या कुळातली झाडं एकाच परिसरात वेगवेगळ्या वेळी फळतात, आणि म्हणूनच पक्ष्यांना, वटवाघळांना, माकडांना इतर काही मिळत नसतानाही या झाडांवर खायला मिळतं. हे मी आधी कुठेतरी वाचलेलं होतं. पण कापलेलं फळ हातात असताना आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी ते स्वतः जुळवत नेताना बघणं फार वेगळं. 'खातो त्या अंजिरात किडे असतात का?' हा प्रश्न अर्थातच आला. लागवडीतल्या अंजिराच्या बऱ्याच जाती परागीभवनाशिवायच पिकतात, हे कळल्यावर दोन-तीन चेहरे निवांत झाले.

सगळेच वर्ग असे नव्हते, हेही सांगायला हवं. एका सकाळी पानांना रंग लावून कागदावर ठसे काढले. मुलं रमली, पण पानांच्या शिरांकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. तो चित्रकलेचा तास झाला. वाघाचे ठसे, हत्तीचे कळप दाखवणारं स्लाइडचं व्याख्यानही मला जागेला धरून वाटलं नाही. दाराबाहेर शेकडो जातींची झाडं उभी असताना काळोख करून प्राण्यांची चित्रं कशाला बघायची? प्राणी दिसले की माणसाची नजर झाडांवरून आपोआप निसटते. जेम्स वाँडरसी आणि एलिझाबेथ शुस्लर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1999 मध्ये याला 'वनस्पती-अंधत्व' असं नाव दिलं. झाडं आपल्याला पार्श्वभूमी वाटतात, हे त्यांचं म्हणणं. वनस्पती उद्यानानं तरी त्या सवयीला खतपाणी घालू नये.

याच्या अगदी उलट अनुभव वांग्याच्या फुलाचा. वांग्याच्या फुलातले पिवळे पुंकेसर मधोमध जवळ जवळ उभे असतात आणि पराग आत बंद असतात. बाहेर पडायला टोकाला फक्त बारीक भोकं. ताईंनी खिशातून ट्यूनिंग फोर्क काढला, गुडघ्यावर आपटला आणि दांडी फुलाला टेकवली. भोकांतून पिवळी धूळ भसकन उडाली आणि खाली धरलेल्या काळ्या कागदावर पसरली. भुंगा हेच करतो. फुलाला घट्ट पकडून पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो, आणि त्या कंपनानं पराग सांडतात. मधमाशीला हे जमत नाही. मोठ्या हरितगृहांतल्या टोमॅटोसाठी याच कामाला बंबलबी या केसाळ, मोठ्या माशीच्या पेट्या ठेवतात. त्यानंतर आम्ही वांग्याच्या वाफ्याजवळ गप्प बसून खराखुरा भुंगा यायची वाट पाहिली. तो आला, आणि फुलाला बिलगल्यावर त्याच्या गुणगुणण्याचा सूर बदलला. बाजूच्या एका वडिलांनी तो सूर मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतला आणि घरी जाईपर्यंत मुलाला ऐकवत होते.

मोठ्यांच्या वर्गाला मी गेले ती हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आणि वनस्पती-चित्रण या दोन विषयांसाठी. वेगळं वातावरण, वेगळी शिस्त. पहिल्याच तासाला सरांनी उद्यानांचा इतिहास थोडक्यात सांगितला. इटलीतल्या पादुआचं वनस्पती उद्यान 1545 मध्ये वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखायला शिकवण्यासाठी सुरू झालं, आणि ते आजही मूळच्याच जागी आहे. त्याच काळात पिसाला लुका गिनी शिकवत होते. झाडं वाळवून कागदावर डकवण्याची पद्धत रुळवण्याचं श्रेय त्यांना देतात. हिवाळ्यात, बागेत काही फुललेलं नसतानाही, विद्यार्थ्यांपुढे वनस्पती ठेवता यावी हा त्यामागचा उपयोग. म्हणजे शिकवणं हे उद्यानांचं मूळचं काम. फिरायला येणारे आपण नंतरचे. हे ऐकल्यावर मला त्या जागेबद्दल वेगळाच आदर वाटू लागला.

हर्बेरियमसाठी फांदी उद्यानाचेच लोक कापून देतात, आणि तीही अशी की तिच्यावर फूल किंवा फळ हवंच. नुसती पानं ओळखायला अपुरी पडतात. फांदी वर्तमानपत्रात पसरताना एक तरी पान उलटं ठेवायचं, म्हणजे वाळल्यावर दोन्ही बाजू बघता येतात. एखादं फूल उघडून, पाकळ्या मोकळ्या करून दाबायचं. वर टीपकागद, मग फळीच्या चौकटीत पट्ट्यांनी आवळायचं. पहिले काही दिवस कागद रोज बदलायचे, नाहीतर नमुना काळा पडतो किंवा बुरशी धरतो. खरी कसोटी लागते चिठ्ठी लिहिताना. कुठे मिळालं, कोणत्या तारखेला, झाड किती उंच होतं, पाकळ्यांचा रंग, वास, देठ मोडल्यावर चीक येतो का, जमीन कशी होती. वाळल्यावर जे जे नाहीसं होणार ते सगळं आधीच शब्दांत उतरवायचं. माझ्या रुईच्या नमुन्याची चिठ्ठी सरांनी दोनदा परत केली. पहिल्यांदा 'जांभळं फूल' असं लिहिलं होतं. "जांभळं कुठे? कडेला की मध्ये? आत की बाहेर?" दुसऱ्या खेपेला मुकुटाबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा फुलाकडे पुन्हा इतका वेळ बघावं लागलं, की आता ते फूल मी डोळे मिटूनही काढू शकते.

चित्रणाच्या वर्गातही रंगाआधी मोजणी होती. कर्कटकानं पाकळीची लांबी घ्यायची, ती तश्शी कागदावर उतरवायची. मला जास्वंद दिलं होतं. पाकळ्या पाच, हे कोणीही सांगेल. त्या एकमेकींवर कशा आहेत? पाचही एकाच दिशेनं चढलेल्या: प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पुंकेसर सगळे मिळून एक नळी झालेली, आणि तिच्या टोकातून बाहेर आलेल्या कुक्षी बरोबर पाच. पाकळ्यांच्या तळाशी असलेल्या हिरव्या निदलपुंजाच्या खाली अरुंद हिरव्या पट्ट्यांची आणखी एक माळ असते, ती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्याच वर्गात मला पाट्याही वाचता येऊ लागल्या. शास्त्रीय नाव दोन शब्दांचं का, तर स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1753 मध्ये सगळ्या वनस्पतींसाठी तीच पद्धत लावली म्हणून. आणि कोपऱ्यातला आकडा म्हणजे उद्यानाच्या नोंदवहीतला त्या झाडाचा क्रमांक, ज्यावरून ते कुठून आणि कधी आलं ते काढता येतं.

मोठ्यांच्या वर्गाला जोडून एक संध्याकाळ काचघरातल्या व्हिक्टोरिया कमळाजवळ ठेवली होती. मूळची अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती, पानाचा व्यास अडीच-तीन मीटरपर्यंत जातो. पान उलटं केलेलं एक मॉडेल ठेवलं होतं: खालच्या बाजूला फासळ्यांसारख्या जाड शिरांची काटेरी जाळी. 1849 मध्ये इंग्लंडच्या चॅट्सवर्थमध्ये तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी हे कमळ फुलवलं, आपल्या लहान मुलीला त्याच्या पानावर उभं करून बघितलं, आणि पुढे लंडनमधल्या 1851 च्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य प्रदर्शनगृहाच्या बांधणीत त्या शिरांची कल्पना वापरली. फूल दोनच रात्रींचं. पहिल्या संध्याकाळी ते पांढरं असतं, त्याला गोड फळासारखा वास येतो आणि ते आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असतं. मूळ ठिकाणी त्या उबेला आणि वासाला भुलून भुंगेरे आत शिरतात, फूल मिटतं आणि ते रात्रभर आत अडकतात. दुसऱ्या संध्याकाळी तेच फूल गुलाबी होऊन उघडतं, तोवर त्याचे पुंकेसर पिकलेले असतात, आणि भुंगेरे पराग अंगावर घेऊन पुढच्या पांढऱ्या फुलाकडे जातात. काचघरात ते भुंगेरे नाहीत. म्हणून गुडघाभर पाण्यात उतरलेल्या माळीदादांनी ब्रशनं गुलाबी फुलातले पराग उचलून पांढऱ्या फुलात लावले. इतक्या सावकाश, इतक्या बारकाईनं, की आम्ही वीसेक माणसं काठावर एक शब्दही बोललो नाही. सबंध कार्यक्रमातला मला सगळ्यात आवडलेला शिक्षक विचाराल तर मी त्यांचंच नाव घेईन. अशा वर्गांत माळ्यांना आणखी वेळ द्यायला हवा, हे मी अभिप्रायाच्या कागदावरही लिहिलं आहे.

लेकीच्या 'झाड झोपतं का?' या प्रश्नाचं काय झालं, तर तिला लाजाळू आणि चिंच संध्याकाळी बघायला सांगितलं. दोन्हींच्या पर्णिका अंधार पडला की मिटतात. देठाच्या तळाशी उशीसारखा फुगीर भाग असतो, त्यातल्या पेशींमधलं पाणी एका बाजूनं दुसरीकडे सरकतं आणि पानाची घडी होते. त्याला झोप म्हणायचं की नाही, हे ताईंनी तिच्यावरच सोडलं. ती अजून ठरवते आहे.

तुम्ही नाव घालायचा विचार करत असाल, तर आधी विचारून घ्या की एका मार्गदर्शकामागे किती माणसं असतात. पंधराच्या पुढे गेली की मागच्यांना डोळाही दिसत नाही आणि भुंगाही. मोठ्यांनी काय करायचं असतं, हे आवर्जून विचारा. "तुम्ही बाकावर बसा" असं उत्तर आलं तर मी दुसरीकडे चौकशी करेन. भिंगं तिथे मिळतात का, पावसात वर्ग कुठे होतो, चाकाची खुर्ची जाईल अशी वाट आहे का, हेही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्यासाठी प्रत्येक थांब्यावर घडीचं स्टूल ठेवायची सोय उद्यानानं आपणहून केली होती. त्यांच्यासारख्यांना ती फार मोलाची.

आणि शक्य असेल तर तोच वर्ग दोन वेगळ्या ऋतूंत करा. पानगळीच्या दिवसांत उद्यानात बघण्यासारखं काही नसतं असा समज आहे, पण डोळे, गळालेल्या पानांच्या खुणा आणि सालीवरची श्वासाची छिद्रं तेव्हाच नीट दिसतात. आम्ही तिघींनी आता त्याच वर्गाला नावं घातली आहेत. त्यात प्रत्येकाला एक फांदी नेमून देतात. तिच्या टोकाला रंगीत दोरा बांधायचा आणि डोळा फुगला कधी, पहिलं पान उलगडलं कधी, याची तारीखवार नोंद करायची. या नोंदी पुढे उद्यानाच्या कायमच्या वहीत जातात, म्हणून तारीख आणि झाडाचा क्रमांक खाडाखोड न करता लिहायला सांगितलं आहे. सासूबाईंनी काटेसावर मागून घेतली आहे, लेकीनं पांगारा. मला कोणती फांदी येते ते पहिल्या दिवशी कळेल.